तिसरा टोला

पोंते वेल्या, १४ मार्च

ओताव्हिओ,

तुझा फोटो पाहिला. पाहिला नाही म्हणायची सोयच ठेवली नाही कुणी. ओदेतच्या पावाच्या दुकानाच्या काचेवर आहे, बसथांब्यावर आहे, शाळेच्या दारात आहे, आणि परवा फादरनी तो प्रार्थनेच्या तंबूत संत सेबास्तियानच्या शेजारी लावला. संताला बाण लागलेत, तुला नुसता चिखल लागलाय, पण मेणबत्त्या दोघांपुढे सारख्याच. हेलिकॉप्टरचा पाय चिखलाला टेकलेला, तुझा सार्जंट त्याच्यावर पालथा पडलेला, आणि त्याच्या हातात वाल्दिरची राइसा, डोक्यापासून पायापर्यंत तांबडी. काचेमागं तुझा चेहरा नीट दिसत नाही. तरी मी ओळखला. लहानपणी दात काढायला नेलं होतं तेव्हाही असाच जबडा आवळून बसला होतास.

पोरगी वाचली, चांगलं झालं. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. बाकीचं टोमणा म्हणूनच वाच.

दर रविवारी तुझा फोन येतो. मी उचलते, तू म्हणतोस, "आशीर्वाद दे, दीन्या," आणि मी खाली ठेवते. माझी जानाइना चिडते. म्हणते, "आई, मामानं मागितला तर द्यायलाच हवा, नाहीतर पाप लागतं." लागू दे. धाकट्यानं मागितलं की थोरल्यानं "देव तुझं भलं करो" म्हणायचं, मग धाकटा तुरुंगातून फोन करत का असेना, हे मला तिनं शिकवायला नको. आई गेल्यावर तुला ते मागायला मीच शिकवलंय. दर उड्डाणाआधी तू मागायचास आणि मी भांडी घासता घासता द्यायचे. आता ते शब्द तोंडातून निघत नाहीत आणि खोटे काढता येत नाहीत. म्हणून पत्र. पत्रात कुणी काही मागत नाही.

कंपनीनं पत्रक काढलंय, तुझ्यापर्यंत आलं असेलच. जानेवारीत खाणीचा बांध फुटला त्या दुपारी भोंग्याच्या खोलीत ज्याची पाळी होती त्यानं बटण दाबलं नाही, तो खोली टाकून पळाला, म्हणून भोंगा वाजला नाही, म्हणून माणसं मेली. पाळी होती माझ्या नवऱ्याची. बांध फुटलाच का, याबद्दल पत्रकात अवाक्षर नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी.

त्यांच्या पत्रकावर गावाचा विश्वास बसलाय. मला सांग, तुझा बसलाय का?

जुरांदिर ख्रिसमसच्याही आधीपासून घरी सांगत होता की भोंगा मेलाय, बटण दाबलं की नुसतं टक् करतं. साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, माणूस येईल. एकदा जेवताना तो मला म्हणाला, "नाहीच वाजला तर मी चॅपेलवर जाईन. घंटेला वीज लागत नाही." मी म्हटलं, आधी ताटातलं संपव.

त्या दुपारी आम्ही टेकडी चढत होतो तेव्हा घंटा वाजत होती. सगळ्या गावानं ऐकली. त्या घंटेमुळेच आम्ही चढत होतो. आता सगळे म्हणतात की ती बेलार्मिनोनं वाजवली, कारण तो चर्चचा सेवेकरी होता आणि चॅपेलच्या अंगणात सापडला. बेलार्मिनोच्या आत्म्याला शांती मिळो, पण ऐंशीच्या पुढचा तो माणूस गेल्या ईस्टरपासून मनोऱ्याचा जिना चढला नव्हता. आणि मला त्या हाताची ओळख आहे. प्रत्येक घंटा वाजवणाऱ्याचा हात वेगळा असतो, हे आपल्या गावात पोरांनाही कळतं. जुरांदिरचा डावा खांदा खाणीत पडल्यापासून अधू होता. दोन टोले नीट पडायचे आणि तिसरा मागे रेंगाळायचा. त्या दुपारीही तिसरा रेंगाळत होता. हे मी गावात सांगितलं तर बायका माझ्याकडे कीव येऊन बघतात. बायकोचे कान, म्हणतात.

त्या मनोऱ्यावर तुझं हेलिकॉप्टर थांबलेलं आम्ही सगळ्यांनी टेकडीवरून पाहिलं. चौकशीत तू सांगितलंस, "धूळ होती. वर कोण होतं ते दिसलं नाही."

हेलिकॉप्टरमधून चिखलातली मुलगी दिसते. मनोऱ्यावरचा स्वतःचा भावोजी दिसत नाही.

आशीर्वाद लिहीत नाही.

देओलिंदा


पोंते वेल्या, ६ मे

ओताव्हिओ,

तुझं उत्तर मिळालं. सहा ओळी. "मला जे माहीत होतं ते मी सांगितलं आहे. दीन्या, कृपा करून हे इथंच थांबव." आणि खाली सही, हुद्द्यासकट. मला पत्र लिहिताना कॅप्टन म्हणून सही करतोस? तुझे लंगोट मी धुतलेत.

एप्रिलमध्ये तुला पदक मिळालं ते टीव्हीवर दाखवलं. जानाइना बघत होती, मी पाठ करून भाजी चिरत होते, पण सुरी थांबली होती. तू हसला नाहीस. बातमी देणारी बाई म्हणाली, किती विनम्र! मी म्हटलं, विनम्र कसला, तोंडात मिठाची गुळणी धरलीय त्यानं.

इकडची हालहवाल हवी असेल तर ऐक. मी दुकानात गेले की ओदेत पाठीमागच्या खोलीत जाते आणि तिची सून मला पाव देते. पिशवी हातात देत नाही, फळीवर ठेवते. जानाइनाला दवाखान्यातल्या कामावर घेतो म्हणाले होते, आता म्हणतात जागा भरली. कंपनीनं मेलेल्यांच्या नावांची भिंत टेकडीवर बांधली आहे, काळ्या दगडाची. बांधायला त्यांना भारी आवडतं, टिकवायला नाही. जुरांदिरचं नाव त्यावर आहे. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी त्यावर खिळ्यानं ओरखडे काढले. मी चिंधी घेऊन गेले, पण दगडावरचे ओरखडे पुसून जातात का?

नदीनं त्याला चार गावं खाली नेऊन टाकलं म्हणून तो पळाला असं म्हणतात. मेलेला माणूस नदीच्या मर्जीनं जातो, एवढंही कुणाला कळत नाही.

तू विसरला असशील म्हणून एक आठवण करून देते. तू शाळेत जायच्या आधीची गोष्ट आहे. आईला पुरून आलो होतो आणि तू काही खात नव्हतास, मक्याची खीरसुद्धा. जुरांदिर तेव्हा माझा नवराही नव्हता, नुसता घिरट्या घालणारा शेजारी होता. त्यानं तुला खांद्यावर घेतलं, चांगला होता तेव्हा खांदा, आणि त्या मनोऱ्यावर नेलं. वरून तू आमच्या घराचं छप्पर पाहिलंस, ओढा पाहिलास, आणि उडत्या गिधाडांची पाठ पाहिलीस, जी खालून कधी दिसत नाही. खाली आलास आणि दोन वाट्या खीर खाल्लीस. उंचावरून बघायची चटक तुला त्यानं लावली. त्याच मनोऱ्यावर तो होता आणि तुला दिसला नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून तू मूठ उघडत नाहीस. त्या मुठीत माझा नवरा आहे.

देओलिंदा


पोंते वेल्या, २५ जून

ओताव्हिओ,

काल संत जॉनचा सण होता. गावानं यंदा शेकोटी पेटवली नाही. मी भुईमुगाच्या वड्याही केल्या नाहीत. संध्याकाळी दाराबाहेर कुणी टाळी वाजवून हाक दिली. बघते तर एक आडदांड माणूस, हातात टोपी, साध्या कपड्यांत.

"दोना देओलिंदा?"

"कोण हवंय?"

"मी जिल्सोन. फोटोतला. तो पालथा पडलेला."

"तोंड दिसत नाही फोटोत, म्हणून ओळखलं नाही. ये."

त्याला कॉफी दिली, चीजचे पाव पुढे ठेवले. त्यानं एकालाही हात लावला नाही. आपल्या भागातला माणूस पुढ्यातला पाव खात नाही म्हणजे काहीतरी जड घेऊन आलाय, हे मी समजले. पहिलं वाक्य त्यानं कॉफीच्या कपाला सांगितलं.

"मी आलो होतो हे कॅप्टनना सांगू नका."

"तुझ्या कॅप्टनशी मी बोलतच नाही," मी म्हटलं. शब्द दिला नव्हता, म्हणून लिहिते आहे.

"ते रात्रंदिवस स्वतःला खातायत, दोना देओलिंदा. मला बघवत नाही. आणि इथं बसथांब्यावर उतरलो तर एका पोराला तुमचं घर विचारलं. तो म्हणाला, 'पळपुट्याचं घर ना? ते वरचं.' म्हणून आता मला सांगायलाच हवं."

मग त्यानं सांगितलं. तुला ते ठाऊक आहे. तरी मी लिहिणार आहे, कारण तुझ्यापुढं एकदा ते कुणाच्यातरी अक्षरात यायला हवं.

राइसाला तुम्ही फुटबॉलच्या मैदानावर उतरवलंत. इंधन परतीपुरतं उरलं होतं. परत या, असा हुकूम आला. तू म्हणालास, "एक फेरी." धुळीचा लोट फाटला तेव्हा खाली सगळं तांबडं आणि मधोमध मनोरा, एका अंगाला कललेला.

"पंख्याच्या आवाजात घंटा ऐकू येत नाही," जिल्सोन म्हणाला. "पण ती हलताना दिसत होती. आणि खाली एक माणूस दोरी ओढत होता. कॅप्टन म्हणाले, 'तो माझा जुरांदिर आहे.'"

मी विचारलं, "असं म्हणाला? माझा?"

"हो. मी माणूस उचलायचा पट्टा खाली सोडला. तुमचे यजमान पट्ट्याकडे बघेनात. हातानं आम्हाला 'थांबा' केलं. टेकडीच्या वाटेवर दवाखान्यातली म्हातारी माणसं चढत होती, सगळ्यांच्या शेवटी. ती वर पोचेपर्यंत दोरी सोडायला तयार नाहीत. आमच्याकडे इंधनाचा लाल दिवा लागला होता. मी म्हटलं, 'कॅप्टन, जाऊ या.' ते म्हणाले, 'तो थांब म्हणतोय.' आणि थांबले. दुसरा कुणी थांबला नसता. राइसाच्या वेळी सगळे बघत होते, कॅमेरेही होते. इथं धुळीत खालचं कुणाला दिसत नव्हतं."

"मग?"

"मग ती म्हातारी माणसं वर पोचली. तुमच्या यजमानांनी दोरी सोडली, वर बघितलं आणि 'या' अशी खूण केली. आम्ही खाली गेलो."

मी त्याच्या कपात कॉफी ओतली, कप भरलेलाच होता, ती बशीत सांडली.

"आमच्या पंख्याला वारा फार असतो. पक्क्या भिंतीला त्याचं काही वाटत नाही. ती भिंत पक्की राहिली नव्हती. खालून चिखलानं खाल्ली होती. आम्ही गेलो नसतो तरी पडलीच असती, घटकेत नाहीतर तासात. पण पडली ती आमच्या वाऱ्यानं. पट्टा त्यांच्या हातात आला होता."

"हातात की अंगात?"

"हातात."

उतरल्यावर तू त्याला म्हणालास, "जिल्सोन, धूळ होती." तो म्हणाला, "हो कॅप्टन, धूळ होती." एवढंच, आणि तेव्हापासून तुम्ही दोघं त्या धुळीत राहताय.

त्याला मी दारापर्यंत सोडलं. नंतर पाव तसेच टोपलीत भरून ठेवले. टेकडीवरून मी काय ऐकलं होतं ते मला आठवलं: घंटा, मग तुझं यंत्र, मग नुसतं तुझं यंत्र. मला वाटलं होतं, आवाजानं आवाज झाकला.

आज काय लिहावं ते कळत नाही. तुला शिव्या द्यायला बसले होते आणि पट्टा डोळ्यापुढून हलत नाही.

देओलिंदा


पोंते वेल्या, २ जुलै

ओताव्हिओ,

आठवडाभर मी तुझ्याशी मनात भांडले. आता नीट लिहिते.

मी तुला माफ केलं असं लिहिणार नाही, कारण त्या मनोऱ्यापाशी माफ करण्यासारखं तू काय केलंस हेच मला सापडत नाही. विहिरीत पडलेल्याला ओढायला कुणी वाकलं आणि काठाचा दगड सुटला, तर वाकणाऱ्याला कोण खुनी म्हणेल? म्हणतीलही काही जण. मी म्हणणार नाही. एका रात्री म्हटलं होतं, सकाळी परत घेतलं.

पण धूळ तुझी आहे. ती पंख्यानं नाही उडवली, तू तोंडानं उडवलीस. तुझ्या त्या एका शब्दाखाली माझा नवरा दुसऱ्यांदा गाडला गेला. पहिल्यांदा बांधानं गाडला, ते कंपनीचं पाप. दुसऱ्यांदा तू.

तुला काय वाटतं ते मला कळतं. जुरांदिर वर होता असं सांगितलंस तर लगेच पुढचा प्रश्न येणार, मग तो तिथून कुठं गेला? आणि त्याचं उत्तर तुला द्यावं लागणार. मला ऐकवायचं नव्हतं, असंही तू मनात म्हणत असशील. माझी काळजी करू नकोस. मी ऐकलं, आणि मेले नाही. दुसऱ्या दिवशी उठून कपडे धुतले.

ऑगस्टमध्ये कोर्टात साक्षी आहेत. तू उभा राहा आणि सांग की तो घंटेपाशी होता. त्यापुढचंही सांग. पदक काढून घेतील, तर घेऊ देत. तुझा फोटो संताशेजारून उतरवतील, तर संताला जरा हवा लागेल. जानाइनाला या गावात मान वर करून चालायचंय. मला मरेपर्यंत इथं पाव विकत घ्यायचाय. आणि तो माणूस, ज्यानं तुला खांद्यावरून वर नेलं, त्याला लोक पळपुटा म्हणतात, आणि तो पळाला नाही हे डोळ्यांनी बघितलेली दोनच माणसं आहेत. एक येऊन सांगून गेला. दुसरा तू.

आशीर्वाद हवाय ना तुला दर रविवारी? मग ही त्याची किंमत. आशीर्वाद विकायचे नसतात हे मला ठाऊक आहे. मी विकते आहे.

दीन्या


पोंते वेल्या, ३० ऑगस्ट

ओताव्हिओ,

मी कोर्टात होते. शेवटून दुसऱ्या बाकावर, जानाइना आणि मी. तू आत येताना एकदाही मागं पाहिलं नाहीस.

तू सगळं सांगितलंस. हुकूम, लाल दिवा, म्हातारी माणसं, "थांबा" ची खूण, पट्टा. आवाज कापत नव्हता. जबडा तेवढा तसाच. माझ्या पुढच्या बाकावर ओदेत होती. "तो माणूस जुरांदिर होता, मी त्याला लहानपणापासून ओळखतो" असं तू म्हणालास तेव्हा तिची मान खाली गेली, आणि मी तिच्या मानेकडे मनसोक्त बघून घेतलं. देव मला क्षमा करो, फार बरं वाटलं.

मग कंपनीचा वकील उठला, तो गोरागोमटा, अंगाला अत्तर लावून आलेला.

"कॅप्टन, आधी आपण म्हणालात, दिसलं नाही. तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?"

"तेव्हा."

"का?"

"भीती वाटली."

"आपल्याला?" तो हसला. "आपण तर विजेच्या तारांखाली जाऊन चिखलावर हेलिकॉप्टर टेकवलंत. सगळ्या देशानं पाहिलं."

"ती भीती वेगळी असते," तू म्हणालास. "हाताला काम असलं की ती हातात जिरते. ही जिरत नाही."

मग त्यानं आवाज मऊ केला. "म्हणजे हे गृहस्थ चिखलाच्या लोंढ्यानं गेले नाहीत."

"मनोरा चिखलानं खिळखिळा झाला होता."

"पण उभा होता. पडला तो आपल्या वाऱ्यानं. बरोबर?"

मी बाकाची कड धरली होती. मला वाटलं, आता तरी म्हण, धूळ होती. खरंच वाटलं. मीच तुला तिथं उभं केलं होतं आणि मीच आता तुला पळायला वाट शोधत होते.

"बरोबर," तू म्हणालास.

"धन्यवाद, कॅप्टन," म्हणून वकील बसला, आणि शेजारच्याकडे बघून हसला. ते हसू मला तेव्हा कळलं नाही.

बाहेर मी मोठ्या जिन्यापाशी थांबले होते. तुझ्यासाठी केळीच्या पानात बांधून मक्याचा केक आणला होता. तू मागच्या दारानं गेलास. परत येताना बसमध्ये तो जानाइनानं आणि मी खाल्ला, म्हणजे तिनं खाल्ला.

रविवारी फोन कर.

दीन्या


पोंते वेल्या, ३ नोव्हेंबर

ओताव्हिओ,

किती रविवार गेले. तुझा फोन नाही. जिल्सोननं कळवलं की हेलिकॉप्टरची किल्ली तू स्वतःच साहेबांच्या टेबलावर ठेवलीस आणि आता खोलीत बसून कागदांवर शिक्के मारतोस. पदकही परत केलंस म्हणे. कुणी मागितलं नव्हतं.

इकडचं सांगते. तुला सांगणाऱ्यांनी अर्धवट सांगितलं असेल.

वकिलाचं हसू मला ऑक्टोबरात कळलं. मी फुलं घेऊन भिंतीपाशी गेले तर एक कारागीर शिडीवर चढून छिन्नीनं जुरांदिरचं नाव काढत होता. खाली कंपनीचा माणूस उभा होता, पांढरा सदरा घातलेला.

"बाई, तुमचे यजमान बचावकार्यातल्या अपघातात गेले," तो म्हणाला. "कोर्टात शाबीत झालंय. ही भिंत बांध फुटून गेलेल्यांची आहे."

"बांध फुटला नसता तर तो त्या दुपारी घरी जेवत असता."

"ते मी समजू शकतो. पण आकडा बरोबर असायला हवा."

एक माणूस त्यांच्या खात्यातून उतरवला, तुझ्या खात्यावर चढवला. खिळ्यानं ओरखडे काढणारा निदान रागानं काढत होता. हा छिन्नीवाला शीळ घालत होता. मी फुलं परत घरी आणली.

आणि गाव! मला वाटलं होतं, लोक येतील, दोन शब्द बोलतील. ओदेतनं फाटकावर पावाची पिशवी अडकवली आणि गेली. माफी मागायला तोंड लागतं, पिशवी अडकवायला हात पुरतो. एकटी नव्वदीची दोना फिलोमेना आली, नातवानं धरून आणली. माझा हात धरून म्हणाली, "आम्ही चढत होतो तोवर ती वाजत होती गं. थांबली तेव्हा मी वर पोचले होते." बाकीच्यांनी काय केलं ते सांगू? तुझा फोटो काढला. काचेवर डिंकाचे चार ठिपके राहिलेत. फादरच्या तंबूत संत सेबास्तियान एकटा आहे. बसथांब्यावर कुणीतरी कुजबुजलं, "स्वतःच्या भावोजीला पाडलं यानं."

मी गेले ओदेतच्या दुकानात. सून पुढे आली, तिला म्हटलं, "सासूला बोलाव. आत आहे ती, मला चप्पल दिसतेय." आली.

"फोटो का काढलास?"

"तसं नाही, देओलिंदा, लोक म्हणाले..."

"राइसा चिखलातून आपल्या पायांनी चालत आली का? आधी माझा नवरा, आता माझा भाऊ. ज्यांनी बांध बांधला ते सोडून तुम्हाला सगळे सापडतात. दगड मारायचाय पण डोंगरावरच्या ऑफिसापर्यंत पोचत नाही, म्हणून जवळचं घर बघता." दुकानात सहा-सात बायका होत्या. एकही हलली नाही. "लाव परत," मी म्हटलं. तिनं लावला नाही. पण तो फाडलेलाही नव्हता. गुंडाळी करून तिनं माझ्या हातात दिला. आता तो आमच्या स्वयंपाकघरात आहे, चुलीच्या वर. त्यावर तेल उडतंय, चालेल.

काल मृतांचा दिवस होता. चिखलातून घंटा निघाली, तुला माहीत असेल. एका बाजूला चीर गेली आहे, पण वाजते. मनोरा नाही, म्हणून निलगिरीच्या चार खांबांवर टांगली आहे. ज्यांची कबर नाही त्यांच्या मेणबत्त्या मोठ्या क्रुसापाशी लावतात, तसं सगळं गाव तिथं जमलं होतं. फादर म्हणाले, बेलार्मिनो गेला, आता कोण वाजवणार? जानाइना पुढे गेली. कुणी तिला बोलावलं नव्हतं. आजवर कुठल्या बाईनं ती दोरी धरली नव्हती, पण कुणी अडवलंही नाही.

तिचे दोन्ही खांदे धड आहेत. तिनं दोन टोले नीट मारले, आणि तिसरा मागे ठेवला. मुद्दाम. पुन्हा दोन, आणि तिसरा मागे.

मी कुणाकडे बघितलं नाही, मेणबत्तीची वात सरळ करत होते. मागं कुणीतरी म्हातारं माणूस म्हणालं, "हीच. त्या दिवशी हीच होती." मग एक बाई रडायला लागली, आणि मग बऱ्याच. जानेवारीत त्या सगळ्यांना ते ऐकू आलं होतं. ओळखायला नोव्हेंबर उजाडला. मला आनंद झाला नाही. मला एवढंच वाटलं, तू इथं असायला हवा होतास. तुझ्या यंत्राच्या आवाजात तुला ती ऐकू आली नव्हती. नुसती हलताना दिसली होती. त्या गावात एकट्या तुलाच ती ऐकू आली नाही, आणि तिच्यासाठी तू परत गेलास.

म्हणून हे पत्र. मी तुला आशीर्वाद विकत देते म्हणाले होते. तू किंमत दिलीस, जास्तच दिलीस, आणि माल न घेता निघून गेलास. हा कुठला व्यवहार? कोर्टातून मागच्या दारानं जायला मी तुला शिकवलं नव्हतं.

दर रविवारी दुपारी मी फोनजवळ खुर्ची घेऊन बसते. जानाइना हसते, म्हणते, आई, तूच लाव ना. मी लावणार नाही. थोरल्यानं आपण होऊन द्यायचा नसतो, मागितल्याशिवाय तो लागत नाही, हे तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे. आईच्या वेळेपासून तसंच आहे. मी इतके महिने तोंड मिटून बसले, तेव्हा तू मागत होतास. आता तोंड उघडून बसले आहे, तर तू गप्प.

उडणार असशील तर उडण्याआधी माग. कधीच उडणार नसशील तर शिक्का मारता मारता माग.

माग, पोरा.

दीन्या